चांगआन : धान्यावर तोललेली राजधानी

राजधान्यांचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरावीक रीत आहे. नगर कोणत्या राजाने वसवले, तट किती लांब बांधला, दरबारात कोणते कवी होते आणि शेवटी कोणत्या शत्रूने आग लावली, एवढे सांगितले म्हणजे राजधानीचा इतिहास झाला असे आपण समजतो. ही रीत खोटी नाही; परंतु ती अपुरी आहे. राजा एकटा राहत नाही. त्याच्याभोवती सैन्य असते, कारकून असतात, कारागीर, व्यापारी, भिक्षू, नोकरचाकर आणि भिकारीही असतात; आणि या सर्वांना रोज दोन वेळा जेवावे लागते. यांपैकी बहुतेकांनी नांगराला कधी हात लावलेला नसतो. मग यांच्यासाठी धान्य कोण पिकवतो, ते कोणत्या वाटेने येते आणि ती वाट बंद पडली म्हणजे काय होते? "आधी पोटोबा, मग विठोबा" ही म्हण आपण माणसाला लावतो. ती एका राजधानीला लावून पाहावी, एवढाच येथे हेतू आहे.

ही राजधानी म्हणजे चीनमधील चांगआन. हल्ली जिला शीआन म्हणतात त्या शहराच्या जागेवर आणि आसपास ती उभी होती. 'चांगआन' या शब्दाचा अर्थ 'चिरशांती'. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकापासून इसवी सन ९०४ पर्यंत, मधले खंड सोडले तर, लहानमोठ्या दहाबारा राजवटींनी याच परिसरातून राज्य केले. आणि ९०४ नंतर? त्यानंतर एकाही मोठ्या चिनी राजवटीने तेथे आपले सिंहासन मांडले नाही. दोन हजार वर्षे जी जागा राजांना हवीहवीशी वाटत होती ती एकाएकी नकोशी का झाली? शत्रूने जाळली म्हणून, असे उत्तर सहज सुचते. पण ही नगरी याआधीही अनेकदा जळाली होती आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभी राहिली होती. तेव्हा उत्तर आगीत नाही. ते दुसरीकडे शोधले पाहिजे.

प्रथम जागा पाहू. पीत नदी उत्तरेकडून सरळ दक्षिणेस येते आणि एका ठिकाणी काटकोनात वळून पूर्वेस समुद्राकडे निघते. त्या वळणापाशी पश्चिमेकडून येणारी वेई नदी तिला मिळते. या वेई नदीचे खोरे म्हणजे आपल्या कथेची रंगभूमी. दक्षिणेस छिनलिंग पर्वताची उंच भिंत, उत्तरेस पिवळ्या मातीची पठारे आणि पूर्वेस पर्वत व नदी यांच्यामधली अरुंद खिंड. ती खिंड धरून ठेवली की आतला माणूस निर्धास्त. म्हणूनच या प्रदेशाला 'क्वानचुंग', म्हणजे 'खिंडींच्या आतला मुलूख', असे नाव पडले. माती वाऱ्याने आणून टाकलेली, मऊ आणि सुपीक. पाऊस मात्र बेताचा. पाणी मिळाले तर सोने पिकेल, न मिळाले तर दुष्काळ, असा हा प्रदेश आहे.

चौ राजांच्या राजधान्या फंग आणि हाओ याच खोऱ्यात होत्या. इ. स. पूर्व ७७१ मध्ये त्यांना पूर्वेकडे पळावे लागले आणि हा मुलूख पुढे छिन राज्याच्या ताब्यात आला. छिनांनी इ. स. पूर्व ३५० मध्ये वेई नदीच्या उत्तर तीरावर शिएनयांग येथे राजधानी नेली. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शेजारच्या हान राज्याला छिनांची धास्ती होती. छिनांचे बळ लढाईत न लागता दुसऱ्याच कामात खर्ची पडावे म्हणून त्यांनी चंग क्वो नावाचा एक जलविद्येतला जाणकार छिन दरबारी पाठवला आणि त्याच्याकरवी एका प्रचंड कालव्याची कल्पना राजाच्या गळी उतरवली. काम अर्ध्यावर आल्यानंतर कपट उघडकीस आले. राजा त्याला ठार मारणार, तेव्हा चंग क्वोने सांगितले की, मी हेर म्हणून आलो हे खरे; परंतु कालवा पुरा झाला तर लाभ छिनांचाच आहे. राजाने हिशेब केला, त्याला जीवदान दिले आणि काम पुरे करविले. इ. स. पूर्व २४६ च्या सुमारास सुरू झालेल्या या कालव्याने रेताड, खारट जमिनी भिजल्या आणि क्वानचुंगमधला दुष्काळ हटला, असे इतिहासकार स-मा छिएन लिहितो. त्यामुळेच छिन बलाढ्य झाले आणि त्यांनी सारी राज्ये जिंकली, असाही निष्कर्ष तो काढतो. इ. स. पूर्व २२१ मध्ये छिनांच्या शिह ह्वांग तीने अवघा चीन एकछत्री केला, त्याच्या पाठीशी तलवारीइतकाच हा कालवा उभा होता. शत्रूने बुडवायला पाठवलेल्या माणसाने राज्य तारले आणि कालव्याला नावही त्याचेच राहिले.

छिनांचे साम्राज्य पंधरा वर्षांत कोसळले. इ. स. पूर्व २०६ मध्ये शिएनयांगला आग लागली. ती तीन महिने विझली नाही असे म्हणतात. या राखेवर हान घराण्याचे राज्य आले. संस्थापक लियू पांग याच्या मनात पूर्वेकडील लोयांगला राजधानी करावी असे होते, कारण त्याचे बहुतेक सरदार पूर्वेकडचे. लौ चिंग नावाच्या एका साध्या माणसाने त्याला क्वानचुंगची बाजू समजावून दिली, आणि मंत्री चांग लियांग याने तिला दुजोरा दिला. चांग लियांगच्या युक्तिवादात दोन मुद्दे होते. पहिला, हा मुलूख तीन बाजूंनी आपोआप सुरक्षित आहे. दुसरा, देशात शांतता असली तर पीत नदी आणि वेई नदी यांच्या वाटेने साऱ्या देशाचे धान्य पश्चिमेस राजधानीला आणता येईल. हा दुसरा मुद्दा नीट ध्यानात ठेवावा. राजधानीच्या जन्मपत्रिकेतच 'बाहेरून येणारे धान्य' हा ग्रह बसलेला होता, आणि त्याला 'देशात शांतता असली तर' अशी अटही जोडलेली होती.

हानांची चांगआन मोठ्या झपाट्याने उभी राहिली. इ. स. पूर्व १९२ च्या वसंतात सहाशे 'ली'च्या आतल्या मुलखातून १,४६,००० स्त्रीपुरुष तटाच्या कामावर आणले आणि तीस दिवस राबवून परत पाठवले, अशी नोंद आहे. 'ली' हे चिनी अंतराचे माप, अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडे कमी. तट दगडाचा नव्हे. फळ्यांच्या साच्यात माती घालून ती थरावर थर चोपून घट्ट केलेली. घेर सुमारे २५ किलोमीटर, दरवाजे बारा. याच नगरीतून चांग छिएन पश्चिमेकडील अज्ञात देशांकडे निघाला आणि इ. स. पूर्व १२६ मध्ये परत आला. ज्याला पुढे रेशीममार्ग म्हणू लागले त्याचे चीनमधले मुख हे असे उघडले.

परंतु नगर वाढले तसे तोंडेही वाढली. पूर्वेकडचे धान्य वेई नदीतून आणायचे म्हणजे सहा महिने लागत, कारण नदी वेडीवाकडी. वाट नऊशे ली. दरबारातील एका मंत्र्याने सुचवले की, पर्वताच्या पायथ्याने सरळ कालवा काढला तर तीनशे लीत काम होईल आणि वेळ निम्म्यावर येईल. इ. स. पूर्व १२९ मध्ये हे काम हाती घेतले व तीन वर्षांत पुरे केले. मात्र या वाटेवर एक अडचण अशी होती की तिला कोणाचाच इलाज चालेना. वेईच्या मुखाखाली, पीत नदी जेथे डोंगर फोडून जाते तेथे, नदीच्या मधोमध खडकांची बेटे होती आणि त्यांनी प्रवाहाचे तीन भाग केले होते. त्या जागेला सानमन, म्हणजे 'तीन दरवाजे', म्हणतात. वर येणाऱ्या किती नावा या खडकांवर फुटल्या त्याला गणती नाही. चांगआनच्या अन्ननलिकेला ही गाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत होती.

हानांचा हा पहिला डाव इ. स. २५ च्या सुमारास संपला. नगर लुटले गेले आणि दरबार लोयांगला गेला. त्यानंतरची साडेपाचशे वर्षे धामधुमीची आहेत. तरीही चांगआन अगदी उजाड नव्हती. इ. स. ४०१ मध्ये कुमारजीव तेथे आला. त्याचे वडील भारतीय, आई मध्य आशियातील कुचा येथील राजकन्या. त्याने येथे बसून बौद्ध ग्रंथांची जी चिनी भाषांतरे केली ती त्या भाषेत आजही वाचली जातात.

आता आपण त्या चांगआनकडे येतो, जिचे नाव ऐकताच चिनी माणसाचा ऊर भरून येतो. इ. स. ५८१ मध्ये सुई घराण्याने देश पुन्हा एक करण्यास आरंभ केला आणि दुसऱ्याच वर्षी सम्राटाने जुने नगर सोडून शेजारी नवे बांधण्याची आज्ञा दिली. जुने का सोडले? जी कारणे पुढे आली त्यांत एक मोठे मार्मिक आहे. आठशे वर्षांच्या वस्तीने जुन्या नगरातल्या विहिरींचे पाणी खारट झाले होते. ते माणसाला पिण्याजोगे राहिले नव्हते. शत्रूला न हटणारी नगरी आपल्याच सांडपाण्यापुढे हटली!

नव्या नगराची आखणी यूवेन खाय याने केली. कामाची आज्ञा ५८२ च्या उन्हाळ्यात निघाली आणि ५८३ च्या वसंतात दरबार राहायलाही आला. पूर्वपश्चिम लांबी सुमारे ९.७ किलोमीटर, दक्षिणोत्तर ८.६ किलोमीटर; तटाचा घेर छत्तीस किलोमीटरांहून अधिक आणि आतले क्षेत्र सुमारे ८४ चौरस किलोमीटर. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते, त्यांनी पाडलेल्या शंभरावर पेठा आणि प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत व दरवाजे. उत्तरेस राजवाडा, त्याच्या पुढे कचेऱ्या आणि तेथून थेट दक्षिण वेशीपर्यंत गेलेला मुख्य रस्ता सुमारे दीडशे मीटर रुंद! पिण्याच्या पाण्यासाठी दक्षिणेच्या व पूर्वेच्या नद्यांतून कालवे काढून ते नगरात खेळवले. ५८४ मध्ये त्याच यूवेन खायने धान्यासाठी तीनशे लींचा नवा कालवा पूर्वेच्या खिंडीपर्यंत खणला. पाणी आणि धान्य या दोहोंची तजवीज केल्यावाचून भिंती बांधण्यात अर्थ नाही, हे त्या शहाण्या माणसाला कळत होते.

६१८ मध्ये तांग घराणे आले आणि नगराला जुने चांगआन हे नाव परत मिळाले. पुढल्या शतकात वस्ती दहा लाखांच्या घरात गेली असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या काळी जगात याहून मोठे नगर क्वचितच असेल. शिस्त मोठी कडक. संध्याकाळी नगारे वाजले की पेठांचे दरवाजे बंद. त्यानंतर रस्त्यावर सापडला त्याला कायद्याने वीस छड्या. बाजार दोनच, एक पूर्वेस व एक पश्चिमेस. दुपारी तीनशे ठोके पडले की ते उघडत आणि सूर्यास्तापूर्वी तीनशे टोल पडले की मिटत. पश्चिमेच्या बाजारात समरकंदकडचे सोग्दी व्यापारी, इराणी जवाहिरे आणि सराफ यांची गर्दी असे. अग्निपूजकांची मंदिरे होती. ६३५ मध्ये सीरियन ख्रिस्ती पंथाचा एक धर्मगुरू आला, त्याला मठ बांधण्यास परवानगी मिळाली. त्या पंथाने ७८१ मध्ये उभारलेला शिलालेख शीआनच्या शिलालेख-संग्रहालयात आजही पाहता येतो. जपानने तर या नगराचा नकाशाच उचलला. ७१० ची नारा आणि ७९४ ची क्योतो या त्याच्या प्रतिकृती होत.

भारतीयांची वस्तीही येथे होती. गौतम या आडनावाचे एक भारतीय ज्योतिषी घराणे पिढ्यानपिढ्या तांग दरबाराच्या चाकरीत होते. त्यांतील गौतम सिद्ध याने ७१८ मध्ये 'नवग्रह' नावाच्या भारतीय पंचांगाचे चिनी रूपांतर केले आणि शून्यासाठी बिंदू लिहिण्याची आपली पद्धत त्यात समजावून सांगितली. १९७७ मध्ये शीआनजवळ त्याच्या मुलाचे थडगे सापडले.

आणि येथेच आपला महाराष्ट्र या कथेत येतो. ह्युएनत्संग हा भिक्षू याच नगरातून, राजाज्ञा मोडून, भारताकडे निघाला होता. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा अंमल त्याने पाहिला. येथले लोक ताठ, सरळ मनाचे, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून न राहणारे आहेत, आणि हर्षासारख्या सम्राटालाही ते जुमानत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. त्याने वर्णिलेली डोंगरात कोरलेली लेणी अजिंठ्याची असावीत असे विद्वान मानतात. ६४५ च्या आरंभी तो वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून चांगआनला परतला, तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते. त्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये एक स्तूपमंदिर बांधले. त्याचीच पुढे नव्याने बांधलेली सात मजली, ६४ मीटर उंच वास्तू 'मोठ्या रानहंसाचा मनोरा' म्हणून उभी आहे. सातव्या शतकातील महाराष्ट्राविषयी परक्या डोळ्यांनी पाहिलेली जी थोडी माहिती आपल्याला आहे ती चांगआनमध्ये बसून लिहिली गेली.

असे हे वैभव. पण वैभवाच्या वर्णनात रमून आपला मूळ प्रश्न विसरू नये. हे दहा लाख लोक जेवत काय होते?

क्वानचुंगचे स्वतःचे धान्य आता पुरेनासे झाले होते. चंग क्वोच्या कालव्यासंबंधी जुन्या नोंदी म्हणतात की, छिन काळी त्याखाली चाळीस हजार 'छिंग' जमीन भिजे. तांगांच्या पहिल्या अर्धशतकात तो आणि हानांचा नंतरचा कालवा मिळून जेमतेम दहा हजार छिंग भिजत. मापे थोडीफार बदलली हे जमेस धरले तरी घट उघड आहे. काही दोष गाळाचा होता. पण सगळा नाही. राजकुळातील मंडळी, सरदार आणि श्रीमंत मठ यांनी कालव्यांवर ओळीने पाणचक्क्या बसवल्या होत्या. पीठ दळून पैसा मिळे. पण चक्कीसाठी पाणी अडवले की खालच्या शेतकऱ्याचा पाट कोरडा पडे. ६५५ मध्ये या चक्क्या पाडण्याचा हुकूम निघाला. त्या पुन्हा उभ्या राहिल्या. ७७८ मध्ये पुन्हा हुकूम निघाला, तेव्हा सम्राटाच्या लेकीच्याच दोन चक्क्या त्या यादीत निघाल्या. ती बापाकडे गाऱ्हाणे घेऊन गेली. सम्राटाने तिला सांगितले की, हे मी प्रजेसाठी करतो आहे. तूच इतरांच्या आधी पुढे हो. तिने त्याच दिवशी आपल्या चक्क्या मोडल्या आणि मग ऐंशीवर चक्क्या निघाल्या. बापलेकींची ही गोष्ट गोड आहे; पण तीच चक्की शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा पाडावी लागली, यातच सर्व आले. हुकूम दुबळा नव्हता. हुकूम काढणारे आणि चक्क्यांचे मालक एकाच घरचे होते!

घरचे धान्य घटले आणि बाहेरच्यावर भिस्त वाढली. तांगांच्या आरंभी वर्षाला दोन लाख 'शि' धान्य पूर्वेकडून आणले की भागत असे. शि म्हणजे त्या काळचे सुमारे साठ लिटरांचे माप. लवकरच तेवढ्याने भागेना. मग काय करावे? धान्य राजाकडे येईना, तर राजा धान्याकडे गेला! दुष्काळ पडला की सारा दरबार उठून लोयांगला जाई, कारण दक्षिणेचे तांदूळ कालव्याने तेथवर सहज पोहोचत. ६८२ मध्ये सम्राट काओ-त्सुंग असा निघाला, तेव्हा त्याच्या बरोबरच्या लोकांतलेच काही वाटेत उपाशी मेले. ७०९ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. धान्य ओढणाऱ्या बैलांतले दहापैकी आठनऊ मेले. मंत्र्यांनी पुन्हा लोयांगची वाट सुचवली, तेव्हा सम्राट चुंग-त्सुंग संतापून म्हणाला की, धान्यामागे धावणारा सम्राट कोणी कधी पाहिला आहे काय? प्रश्न तडफदार होता. पण प्रामाणिक उत्तर 'आपल्याच वडिलांना पाहिले' असेच द्यावे लागले असते.

या अडचणीतून वाट काढली ती कारभाऱ्यांनी. ७३४ मध्ये पेई याओचिंग याने वाहतुकीची सर्व पद्धतच बदलली. तोवर दक्षिणेची नाव थेट राजधानीकडे यायला निघे. कोठे पाणी उथळ, कोठे पूर, म्हणून महिनोन्‌महिने खोळंबे, आणि दक्षिणेच्या नावाड्याला पीत नदीची सवय नसे. पेईने टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्यावर कोठार बांधले. पाणी असेल तेव्हा पुढे जावे, नसेल तेव्हा माल कोठारात ठेवून नाव परत जावी. सानमनच्या खडकांशी झुंजण्याऐवजी अलीकडे माल उतरवला, डोंगरातून अठरा ली रस्ता काढून तो गाड्यांनी नेला आणि पलीकडे पुन्हा नावेत भरला. तीन वर्षांत सत्तर लाख शि धान्य राजधानीकडे गेले. यानंतर थोड्याच वर्षांत, ७४० मध्ये, चांगआनमध्ये एका 'तौ'ला, म्हणजे शिच्या दहाव्या हिश्श्याला, वीस नाणीसुद्धा पडत नव्हती. ७४३ मध्ये तर राजधानीच्या पूर्वेस खास तलाव खणून दोनतीनशे नावा सम्राट श्वान-त्सुंगपुढे उभ्या केल्या. प्रत्येकीवर तिच्या प्रांताची पाटी आणि तेथला माल : कोठे किनखाब व आरसे, कोठे चिनी मातीची चहाची भांडी, कोठे मोती आणि हस्तिदंत. पुढच्या नावेवर गाणे चाललेले. नगर पाहायला लोटले होते.

या जत्रेनंतर बारा वर्षांनी, ७५५ च्या अखेरीस, सेनापती आन लूशान याने बंड केले. पुढच्या वर्षी खिंड पडली, सम्राट पळाला, नगर बंडखोरांच्या हाती गेले. ७५७ मध्ये ते परत मिळाले खरे. पण चांग लियांगची ती जुनी अट, देशात शांतता असली तर, आता मोडली होती. पीत नदीच्या मुलखातले सुभेदार कर देईनात. राहिला तो दूरचा दक्षिण भाग आणि त्याला जोडणारा एक कालवा. तो गाळाने भरला होता. ७६४ मध्ये लियू येन या मंत्र्याने तो साफ केला. यांगत्सेच्या नावा यांगत्सेपुरत्या, कालव्याच्या कालव्यापुरत्या, पीत नदीच्या पीत नदीपुरत्या, वेईच्या वेईपुरत्या, असे चार टप्पे त्याने पाडले. वेठीचे मजूर न लावता मिठाच्या उत्पन्नातून मजुरी दिली, आणि वर्षाला अकरा लाख शि धान्य राजधानीत आणून दाखवले. अशा माणसाला ७८० मध्ये खोट्या आरोपावरून मारण्यात आले. जप्तीत त्याच्या घरी दोन गाड्या पुस्तके आणि थोडेसे तांदूळ व गहू एवढेच सापडले.

राजधानी आता किती पातळ दोरीवर लोंबकळत होती ते ७८६ च्या एका प्रसंगावरून दिसते. कोठारे रिकामी पडली होती आणि राजरक्षक सैनिक उघड शिव्या देऊ लागले होते. इतक्यात दक्षिणेचे तीस हजार माप तांदूळ वाटेत येऊन पोहोचल्याची वार्ता आली. सम्राट धावतच युवराजाच्या महाली गेला आणि म्हणाला की, तांदूळ आला, आपण बापलेक वाचलो! पृथ्वीपतीचे आयुष्य काही नावांवर येऊन ठेपले होते.

यापुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. ८८१ च्या आरंभी मिठाचा चोरटा व्यापार करणारा बंडखोर ह्वांग छाओ नगरात शिरला. भोवताली सरकारी फौजांचा वेढा, आत धान्य नाही. ८८२ मध्ये तौला तीस हजार नाणी भाव झाला. ७४० च्या वीस नाण्यांशी ही तुलना करून पाहावी. दर दीड हजार पट! अखेर ९०४ मध्ये चू वेन या सेनापतीने सम्राटाला बळेच लोयांगकडे हलवले. जाताना त्याने राजवाडे, कचेऱ्या आणि लोकांची घरेसुद्धा उतरवली, त्यांचे लाकूड वेई नदीत सोडले आणि पीत नदीच्या वाटेने खाली वाहून नेले. लोक रडत रस्त्याने चालले होते. ज्या पाण्यावरून अकराशे वर्षे धान्य वर आणले, त्याच पाण्यावरून नगराचे खांब आणि तुळया खाली गेल्या.

तीन वर्षांनी चू वेनने तांग घराणे बुडवले आणि राजधानी मांडली ती खायफंगला, दक्षिणेच्या कालव्याच्या अगदी काठावर. ९६० नंतर सुंग घराण्यानेही तेच केले. त्या जागेला ना पर्वत, ना खिंड. लष्करी दृष्टीने ती उघडी होती. तरीही तिथे वर्षाला साठ लाख शि धान्य नावेतून थेट दारात येत होते. पुढे पेकिंगलाही दक्षिणेच्या कालव्यानेच पोसले. म्हणजे चांगआननंतर चीनच्या राज्यकर्त्यांनी एक धडा पक्का गिरवला : धान्य तटापर्यंत नेता येत नसेल तर तटच धान्यापर्यंत न्यावा. आपल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. चांगआन जळाली म्हणून संपली नाही. तिला पुन्हा पोसणे कोणाला परवडेना म्हणून ती पुन्हा राजधानी झाली नाही.

तिचे आज काय उरले आहे? शीआनचा जो भव्य तट प्रवाशांना दाखवतात तो मिंग काळातला, १३७० नंतरचा. त्याच्या आतले क्षेत्र तांगांच्या नगराचा लहानसा तुकडा आहे. तांगांचे म्हणून दोन विटांचे मनोरे उभे आहेत आणि राजवाड्यांचे मातीचे चौथरे उत्खननात मोकळे झाले आहेत. पण सर्वांत बोलका अवशेष, मला विचाराल तर, चांगआनचा नाहीच; तो लोयांगचा आहे. तेथे १९६९ पासून झालेल्या उत्खननात सरकारी धान्याची शेकडो पेवे सापडली. आपल्याकडे खेड्यात जमिनीत पेव घालत असत तशीच, पण राजाच्या मापाची. एका पेवात सुमारे अडीचशे टन काळे पडलेले धान्य तसेच होते. पेवांत विटा सापडल्या आणि त्यांवर धान्य कोठून आले, किती आले, कोणत्या वर्षी आले हे कोरलेले होते. राजांच्या प्रशस्ती दगडावर असतात. या विटांवर राज्याचा खरा ताळेबंद आहे.

याच मुलखात १९७४ च्या मार्च महिन्यात, अवर्षणाने गांजलेले काही शेतकरी विहीर खणत असताना त्यांच्या कुदळीला मातीचा शिपाई लागला. शिह ह्वांग तीची ती मृत्तिकासेना जगभर गाजली आणि ते योग्यच झाले. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे लक्षात ठेवावे की, ते शेतकरी सम्राटाला शोधायला गेले नव्हते. ते पाण्यासाठी खणत होते. दोन हजार वर्षे त्या खोऱ्यात माणसाचे मुख्य काम तेच आहे. साम्राज्ये त्या कामाच्या आधाराने वर आली आणि त्या कामाकडे काणाडोळा होताच खाली गेली.

म्हणून कोणत्याही थोर नगराची स्तुती कानी आली म्हणजे दोन साधे प्रश्न विचारण्याची सवय आपण ठेवावी. याचे पाणी कोठून येते, आणि ते येताना कोणाच्या शेताला चुकवून येते? याचे धान्य कोण वाहतो, आणि त्याला मजुरी मिळते की वेठ? चांगआनच्या कवींनी या प्रश्नांची उत्तरे क्वचितच दिली. तिच्या कोठारांच्या विटांनी मात्र ती दिली आहेत, आणि ती वाचण्यास चिनी भाषेपेक्षा थोड्या व्यवहारज्ञानाचीच अधिक गरज आहे.